आईच्या पापण्या आणि माझे चिंचोके

(इयत्ता चौथी)



या वेळी गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'मी केलेला प्रयोग' असा विषय दिला. कुणी मटकीला मोड आणले, कुणी गांडूळखत केले. मी माझ्या आईच्या पापण्या मोजल्या. वर्गात सांगितले तेव्हा सगळे हसले. मला मात्र हसू येत नव्हते. त्याचे असे झाले.

माझी आई अंगणवाडीत सेविका आहे. मी लहान होते तेव्हा आमच्या घरी रजिस्टरांचा ढीग असायचा. बाळाचे वजन एका वहीत, लसीचे दुसऱ्या वहीत, खाऊचे तिसऱ्या वहीत. आता बरीचशी माहिती मोबाईलवर भरावी लागते. दिवसा अंगणवाडीत पोरांचा कालवा असतो आणि तिथे रेंजही नीट येत नाही. म्हणून आई वजने एका वहीत उतरवून आणते आणि रात्री जेवणं झाली की आमच्या ओट्यावर बसून मोबाईलमध्ये भरते. ओट्यावर रेंज येते.

दिवाळीनंतर आईचे डोळे चुरचुरायला लागले. डोळ्यांतून पाणी यायचे, कपाळ दुखायचे. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायला लागली. आणि एके रात्री तिच्याकडून चूक झाली. एका बाळाचे वजन ८.४ किलो होते, ते तिने ६.४ भरले. दोन किलो कमी! मोबाईलने ते बाळ एकदम कुपोषितांच्या यादीत टाकले. पुढच्या आठवड्यात सुपरवायझर बाई चौकशीला त्या घरी गेल्या, तर बाळ उंबऱ्यात बसून भाकरीचा तुकडा चोखत होते. चांगले गुटगुटीत. त्या बाळाची आई आमच्या दारात आली आणि म्हणाली, "माझं लेकरू उपाशी हाय असं लिवलंस व्हय गं?" सगळ्या आळीने ऐकले.

त्या रात्री आई रडली. तिच्या डोळ्यांत आधीच पाणी असते, त्यामुळे मला लगेच कळलेच नाही.

मग घरात भांडण झाले. आजी म्हणाली, "त्या मोबाईलनं माझ्या सुनंचं डोळं खाल्लं. वह्या होत्या तवा असलं काय न्हवतं." बाबा म्हणाले, "सोडून दे ते काम. डोळे गेल्यावर मानधन काय चाटायचंय?" आई म्हणाली, "आत्याबाई, वह्या काय आता परत येत न्हाईत. आणि पंधरा वर्षं केलेलं काम असं कसं सोडू?" मी गोधडीत होते. मला झोप लागली आहे असे त्यांना वाटले.

मला वाटले, मोबाईलनेच डोळे दुखतात हे खरे असेल तर आईला काम सोडावे लागेल. पण ते खरे कशावरून? आमचे गुरुजी नेहमी सांगतात की मोजल्याशिवाय जास्त आणि कमी हे शब्द वापरायचे नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, डोळ्यांचा शीण कशानं मोजतात?"

गुरुजी म्हणाले, "ताप मोजायला थर्मामीटर आहे, तसा शीण मोजायचा काटा दुकानात मिळत नाही बाळ. पण बाहेरून काय काय दिसतं ते बघ आणि तेवढंच मोज."

बाहेरून पहिल्यांदा दिसते ती पापणी.

पापणी का लवते, हे मला आधी माहीत नव्हते. डोळ्याच्या बुबुळावर पाण्याचा एक फार पातळ थर असतो. नुसते पाणीच नव्हे, त्यावर तेलासारखा चिकट थरही असतो, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही. पापणी खाली येते तेव्हा ती हा थर सगळीकडे सारखा पसरवते. आजी जमीन सारवते तसेच हे. सारवण वाळले की जमिनीला भेगा पडतात, मग पुन्हा हात फिरवावा लागतो. डोळ्यावरचा थरही वाळत जातो आणि त्यात फटी पडतात. पापणी वेळेवर आली नाही तर डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. मग डोळा एकदम खूप पाणी सोडतो. म्हणजे डोळ्यांतून पाणी येते ते डोळा कोरडा पडल्यामुळेही येऊ शकते! हे ऐकून मला फार आश्चर्य वाटले. आजीला तर अजून पटलेले नाही.

आता मोजायचे कसे? तोंडाने एक, दोन, तीन म्हणायला लागले की आईचे लक्ष जाते. म्हणून मी चिंचोके घेतले. आई एकदा पापणी लववली की एक चिंचोका डाव्या वाटीतून उजव्या वाटीत. घड्याळाकडे माझी ताई बघायची आणि एक मिनिट झाले की खोकायची.

पहिल्या दिवशी सगळा घोटाळा झाला. मी आईला आधीच सांगून टाकले की मी तुझ्या पापण्या मोजणार आहे. झाले! आई सारख्या पापण्या लववायला लागली. एका मिनिटात ४१ चिंचोके. वाटी भरली. ताई म्हणाली, "असं का कुणी लववतं?" मग आम्ही चार दिवस काहीच बोललो नाही. आईला वाटले पोरी विसरल्या. मी समोर पाढे लिहायचे नाटक करत बसायचे आणि मांडीआड वाट्या ठेवायचे. चोरून मोजणे बरे नव्हे, पण आईला मी नंतर सगळे सांगितले आणि ती रागावली नाही.

अशा मोजणीत जे आले ते असे. आई चुलीपुढे बसून आजीशी बोलत भाकरी थापते तेव्हा मिनिटाला १९ वेळा पापणी लवते. रजिस्टरमध्ये लिहिताना ११ वेळा. मोबाईलमध्ये भरताना ६ वेळा. हे एका मिनिटाचे नाही, प्रत्येक काम पाच-पाच वेळा मोजून मधला आकडा घेतला आहे.

आजी म्हणाली, "बघा, मी म्हनलं न्हवतं?"

पण मी आजीचेही मोजले होते. आजी दुपारी तांदूळ निवडत होती, खडे काढत होती. तिची पापणी मिनिटाला ७ वेळाच लवली. आता तांदळाच्या सुपात काही मोबाईल नव्हता. म्हणजे बारीक बघायचे काम असले की पापणी आपोआप थांबते, मग ते काम सुपात असो की पडद्यावर. ताई ब्लाऊजला हुक लावत होती तेव्हा तिचेही ८ आले. हे मी आजीला सांगितले तेव्हा ती गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तरीच तांदूळ निवडल्यावर माझं बी डोळं चुरचुरतं."

आणखी एक गंमत मला दिसली. मोबाईलकडे बघताना आईची पापणी कधी कधी पूर्ण मिटतच नाही. अर्ध्यावर येते आणि परत जाते. सारवताना हात अर्ध्या जमिनीवरूनच फिरवावा तसे. अशा अर्धवट पापणीला मी चिंचोक्याऐवजी हरभरा टाकायला लागले. मोबाईलच्या सहांपैकी एक-दोन तरी हरभरे असायचे. रजिस्टर लिहिताना हरभरा क्वचितच.

हे सर्व मी गुरुजींना दाखवले. गुरुजी म्हणाले, "शाबास. तुझ्याआधीही लोकांनी हे मोजलं आहे," आणि त्यांनी मला वाचून समजावून सांगितले. जपानमध्ये १९९३ साली दोन डॉक्टरांनी कचेरीत काम करणाऱ्या १०४ माणसांच्या पापण्या मोजल्याचे छापले. निवांत बसलेली असताना त्यांची पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत होती, टेबलावरचे पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाचा पडदा बघताना ७ वेळा. माझे आकडे त्यांच्या जवळपास आले म्हणून मला फार आनंद झाला. त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती, ती मला सुचलीच नसती. डोळा किती उघडा आहे ते! पुस्तक खाली ठेवलेले असते, म्हणून वाचताना पापण्या खाली झुकतात आणि डोळा झाकला जातो. संगणकाचा पडदा समोर उभा असतो, म्हणून डोळा सताड उघडा राहतो. पुस्तक वाचताना जेवढा डोळा उघडा, त्याच्या जवळजवळ दुप्पट. उघड्या हौदातले पाणी लवकर आटते ना, तसे.

मग गुरुजींनी दुसरी गोष्ट सांगितली आणि माझा आनंद थोडा कमी झाला. अमेरिकेत २०१४ साली अशीच एक मोजणी छापली गेली. त्यांनी तोच मजकूर संगणकावर आणि कागदावर वाचायला दिला. अक्षराचा आकार तोच, अंतर तेच. तर पापण्यांची संख्या दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आली! फरक फक्त अर्धवट पापण्यांत निघाला. पडद्यावर शंभरात ७ अर्धवट आणि कागदावर शंभरात ४.

मी विचारले, "मग माझं चुकलं का?"

गुरुजी म्हणाले, "चुकलं नाही. पण तू दोन वेगळ्या गोष्टी तोलल्यास. एका पारड्यात ज्वारी आणि दुसऱ्यात ज्वारी पोत्यासकट. आधी पोतं काढ."

पोते कोणते ते शोधायला मला दोन दिवस लागले. मी फूटपट्टी घेऊन अक्षरे मोजली. आईच्या रजिस्टरमधले तिचे स्वतःचे अक्षर ५ मिलिमीटर उंच आहे. आमच्या बालभारतीच्या पुस्तकातले साधारण ४ मिलिमीटर. मोबाईलवरचे २ मिलिमीटर! मग आजीची शिवणाची टेप घेऊन अंतर मोजले. आई रजिस्टर मांडीवर ठेवते, ते डोळ्यांपासून ४२ सेंटिमीटर. मोबाईल ३३ सेंटिमीटर. अक्षर बारीक म्हणून ती तो जवळ ओढते. आणि उजेड? रजिस्टर लिहायला दिवा लावावाच लागतो. मोबाईलला स्वतःचाच उजेड असतो, म्हणून आई वीज वाचवायला ओट्यावरचा दिवा बंद करून बसायची. सगळीकडे अंधार आणि मध्ये तेवढा चौकोन लखलखीत. म्हणजे मोबाईल आणि कागद एवढाच फरक नव्हता. अक्षर, अंतर आणि उजेड असे तीन फरक त्याच्यासोबत आले होते.

आता मी जी तिसरी गोष्ट मोजली ती सर्वांत महत्त्वाची. ती जरा सावकाश वाचा.

आपल्या डोळ्यात एक भिंग असते. लांबचे बघताना ते चपटे राहते आणि डोळ्याला काही कष्ट पडत नाहीत. जवळचे बघायचे झाले की आतला एक बारीक स्नायू आवळला जातो आणि भिंग फुगीर होते. जेवढे जवळ, तेवढे जास्त आवळावे लागते. पाण्याची घागर कमरेवर घेतली की आधी काही वाटत नाही, पण अर्धा तास तशीच घेऊन उभे राहिले तर? तसे त्या स्नायूचे होते. मग तो दमतो. तो दमला की अगदी जवळचे स्पष्ट दिसत नाही, वस्तू जरा लांब धरावी लागते. किती लांब धरावी लागते ते टेपने मोजता येते. म्हणजे हा झाला शिणाचा काटा!

मोजायची रीत अशी. काडेपेटीवरचे बारीक अक्षर घ्यावे. टेपचे टोक डोळ्याच्या कडेशी धरावे. काडेपेटी हात लांब करून धरावी आणि हळूहळू जवळ आणावी. अक्षर अंधुक झाले की थांबावे आणि अंतर वाचावे. असे तीनदा करावे आणि मधला आकडा घ्यावा. टेप डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी. आजी सारखी ओरडत होती, "पोरी, डोळा फोडशील."

माझे अंतर ८ सेंटिमीटर आले. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे ७. ताई पंधरा वर्षांची आहे, तिचे ९. आईचे सकाळी ३० सेंटिमीटर! मी घाबरले. मला वाटले आईचे डोळे खरंच गेले. गुरुजींना सांगितले तर त्यांनी विचारले, "आईचं वय किती?" मी सांगितले, ४२. गुरुजी हसले आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून चष्मा काढून मला दाखवला. म्हणाले, "याला काय म्हणतात?" मी म्हणाले, "चाळिशी." "का म्हणतात?" मला तोपर्यंत कधी कोडे पडले नव्हते. आपण शब्द रोज बोलतो आणि त्यात काय आहे ते बघतच नाही.

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग कडक होत जाते. स्नायूने कितीही आवळले तरी ते पूर्वीसारखे फुगत नाही. हे सगळ्यांचेच होते, मोबाईल बघणाऱ्यांचेही आणि न बघणाऱ्यांचेही. हॉलंडमधल्या डोंडर्स नावाच्या डॉक्टरांनी कोणत्या वयाला किती जवळचे दिसते ते मोजून १८६४ साली पुस्तकात मांडले होते. तेव्हा मोबाईल सोडाच, विजेचे दिवेही घरोघर नव्हते.

मग मी, ताई आणि आईने मिळून खरा प्रयोग केला. आता आईला सगळे सांगितले होते, कारण या मोजणीत लपवण्यासारखे काही नव्हते. एका रात्री अर्धा तास फक्त रजिस्टर, दुसऱ्या रात्री अर्धा तास फक्त मोबाईल, पुन्हा रजिस्टर, पुन्हा मोबाईल. एकाच रात्री दोन्ही केले तर दुसऱ्याच्या वेळी डोळे आधीच दमलेले असणार. भूक पहिल्या भाकरीला असते तेवढी तिसरीला नसते. प्रत्येक वेळी १२ बाळांची वजने आणि उंची भरायची. आधी आणि नंतर काडेपेटी.

रजिस्टर लिहून झाल्यावर आईचे अंतर ३० वरून ३४ वर गेले. मोबाईलवर, नेहमीसारखे अंधारात बसून, ३० वरून ३७ वर.

आता ३७ आणि ३३ हे आकडे शेजारी ठेवून बघा. मी हे वहीत लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. आई मोबाईल धरते ३३ सेंटिमीटरवर, कारण अक्षर बारीक आहे. पण दमल्यावर तिला ३७ च्या अलीकडचे स्पष्ट दिसतच नाही. लांब धरावे तर अक्षर लहान होते, जवळ धरावे तर अंधुक होते. मधे कुठे जागाच नाही. आठाचा सहा तिथे झाला. आईच्या निष्काळजीपणाने झाला नाही. हे मी आईला सांगितले तेव्हा तिने माझ्या वहीकडे बघितले आणि काही बोलली नाही. वही मात्र तिने बाबांना दाखवली.

त्यानंतर आम्ही पोते काढले. ताईने मोबाईलमध्ये अक्षर मोठे करून दिले, ते ३ मिलिमीटर झाले. त्याहून मोठे केले तर रकाने पडद्याबाहेर जातात. ओट्यावरचा दिवा लावला. मोबाईलचा उजेड कमी केला. मोबाईल पाटावर उशी ठेवून त्यावर खाली ठेवला, ४० सेंटिमीटरवर, म्हणजे डोळे झुकलेले राहतील. पुन्हा दोन रात्री मोजले. या वेळी ३० वरून ३५. रजिस्टरचे ३४ होते. एका सेंटिमीटरचा फरक, आणि एवढी चूक तर माझ्या टेप धरण्यातही होऊ शकते.

पण मोबाईल अगदीच निर्दोष सुटला असे नाही. पापण्या ६ च्या ८ झाल्या, रजिस्टरसारख्या ११ काही झाल्या नाहीत. हरभरेही अधूनमधून पडतच होते. जे आले ते सांगितले पाहिजे.

आणि एक गोष्ट राहिलीच. नुसते रजिस्टर लिहूनसुद्धा आईचे अंतर ४ सेंटिमीटरने वाढत होते. म्हणजे उद्या सगळ्या वह्या परत आल्या तरी आईचे कपाळ दुखणारच होते. आजीला हे पटायला वेळ लागला. बाबांना लगेच पटले. पुढच्या बुधवारी ते आईला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. मी हट्ट करून बरोबर गेले आणि वही नेली.

तिथल्या डोळे तपासणाऱ्या साहेबांनी आईला आधी लांबचा तक्ता वाचायला लावला. तो तिने भराभर वाचला. मग जवळचा छोटा तक्ता हातात दिला. तिथे ती अडखळली. साहेबांनी लोखंडी चौकटीत एकेक काच घालून बघितली आणि सव्वा नंबर काढला. फक्त जवळचा. मी वही पुढे केली. त्यांनी ती उलटून बघितली आणि विचारले, "हे हरभरे काय आहेत?" मी सांगितले. ते इतके हसले की बाहेरच्या बाकावरची माणसे आत डोकावली. पण मग त्यांनी नीट समजावून सांगितले. पडद्याने डोळे दमतात, कोरडे पडतात, पण त्याने डोळे जातात असे नाही. काम करताना दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघावे. वीस फूट का, तर तेवढ्या लांबचे बघताना आतला स्नायू जवळजवळ पूर्ण सैल होतो. म्हणजे घागर खाली ठेवली म्हणायची. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं आठ सेंटिमीटर आहे म्हणून तू मोबाईल आठ सेंटिमीटरवर धरू नकोस हं." मुलांनी तासन्‌तास जवळचे बघितले आणि घरातच बसले तर त्यांना लांबचे अंधुक दिसू लागण्याचा धोका वाढतो. रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळलेले चांगले. हे मी आमच्या वर्गातल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिले आहे. गुरुजींनीही वाचावे, कारण खेळाचा तास कधी कधी गणिताला जातो.

चष्मा आला. पहिल्या दिवशी आईला जमीन वर आल्यासारखी वाटली, कारण चष्मा घालूनच ती चालायला लागली होती. तो फक्त जवळच्या कामापुरता घालायचा. आता काम झाल्यावरसुद्धा काडेपेटी २५ सेंटिमीटरपर्यंत आणली तरी अक्षर दिसते. कपाळ दुखायचे थांबले. पापण्या मात्र चष्म्याने वाढल्या नाहीत! मी तीनदा मोजले, आठच. चष्मा भिंगाला मदत करतो, पापणीला नाही. त्यासाठी आम्ही वेगळी युक्ती काढली. घड्याळ बघायला आईला सवड नसते. म्हणून पाच बाळांची माहिती भरली की मान वर करायची, समोरच्या देवळाच्या कळसाकडे बघायचे आणि वीसपर्यंत आकडे म्हणत पापण्या पूर्ण मिटायच्या. कळसावर दिवा आहे, रात्रीही दिसतो. आई विसरली तर ताई खोकते.

वजन चुकले होते त्या बाळाच्या आईकडे आई स्वतः गेली होती. सोबत वजनकाटा नेला. बाळ ८.९ भरले. त्या काकूंनी चहा केला.

काम सोडायची गोष्ट आता घरात कुणी काढत नाही. आजी तांदूळ निवडताना गुपचूप आईचा चष्मा लावून बघते. तो तिच्या नंबराचा नाही. तिलाही पुढच्या बुधवारी न्यायचे ठरले आहे, पण मोटारसायकलवर बसायला ती भिते.

ज्या पालकांना आपले अंतर मोजून बघायचे असेल त्यांच्यासाठी टेप आणि काडेपेटी फळ्याखालच्या खुर्चीवर ठेवली आहे. काड्या गुरुजींनी काढून घेतल्या आहेत. चिंचोके माझ्या दप्तरात आहेत, मागितले तर देईन, पण मोजून परत द्यावेत.